आधी मानलेले उपकार

सोलापूर,
६ ऑगस्ट १९७२

ति. मार्थाआक्कास,
शांतवनचा सप्रेम सलाम.

आक्का, आडवळणानं लिहीत नाही. शमू घर सोडून गेला आहे. पोरीचा, रिबकेचा साखरपुडा झाला, नगरची मंडळी जेवूनखाऊन समाधानानं गेली, आणि पुढच्याच रविवारी आम्ही उपासनेहून परत आलो तर हा घरात नाही. कपड्यांची पिशवी आणि दुकानातली बारकी पक्कड, एवढंच नेलंय. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

सगळीकडे विचारून झालं. मी गिरणीत बॉबिनी उचलणारा पोरगा, आज अर्ध्या सोलापूरच्या लग्नांत माझे लाउडस्पीकर वाजतात. गावभर ओळख आहे, पण पोटच्या पोराचा पत्ता कुणी सांगेना. शेजारचा चहावाला चनबसप्पा म्हणतो, "मामा, प्रेमाबिमात पडलं असंल पोरगं. दसऱ्याला बघा, जोडीनं येतेत." मी हसलो. त्याला बरं वाटावं म्हणून हसलो.

मला वाटतं, माझ्या बोलण्याचा राग आला असावा. इतकं हुशार पोर, पण अलीकडे त्याचं कामात लक्षच नव्हतं. एकदा सोल्डरिंगची तापलेली सळई मनगटाला टेकली. कातडं जळल्याचा वास मला पलीकडच्या कोपऱ्यात आला आणि हा आपला वायर जोडत बसलेला. मी म्हणालो, "झोपलास काय रे?" तर त्यानं हात पाठीमागं घेतला आणि हसला. एवढ्यावरून कुणी घर सोडतं का?

रिबकेचं लग्न जानेवारीत आहे. तिच्या सासरी अजून काही कळवलेलं नाही. दीनानं जेवण जवळजवळ टाकलंय. मात्र रोज शमूचं नाव घातलेलं ताट मांडते, त्यात भाकरी वाढते, झाकून ठेवते.

तू त्याची लाडकी आत्या. तुझ्याकडे आला असेल तर खरं सांग.

तुझा,
शांतवन

---

अकलूज,
१३ ऑगस्ट १९७२

चि. शांतवन यास,
मार्थाआक्काचा सलाम व आशीर्वाद.

पत्र वाचलं. माझ्या घरी तुझा मुलगा नाही. एका खोलीचं घर माझं, त्यात माणूस लपवायला जागा कुठली? हवं तर येऊन बघून जा.

माझं ऐक. पेपरात त्याचा फोटो देऊ नकोस. नगरचे लोकही पेपर वाचतात. पोलिसांच्या मागं धावू नकोस. आणि तू बोललास म्हणून तो गेला, हे मनातून काढून टाक. तुझ्या बोलण्यावर तो कधी रागावला आहे का? तू सगळ्यांनाच तसं बोलतोस.

दीनाला म्हणावं, जेव. भाकरी झाकून ठेवल्यानं पोरगं येत नाही, आणि आलं तर त्याला धडधाकट आई लागेल.

आणखी एक काम आहे. शमूचे जुने बूट घरात असतील तर पार्सलनं पाठव. इथं एका गरीब मुलाला हवे आहेत. त्याला अनवाणी हिंडू देऊन चालायचं नाही. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले तरी असली कामं माझ्या गळ्यात पडतातच. बुटांच्या तळाला खिळा वर आला असेल तर ठोकून पाठव.

तुझी,
आक्का

---

सोलापूर,
१७ सप्टेंबर १९७२

ति. आक्कास,
सलाम.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. माझा पोरगा बेपत्ता, आणि तू त्याचे बूट दुसऱ्याच्या पोराला मागतेस? खिळे ठोकून? जन्मभर लोकांच्या जखमा धुऊन तुझ्या काळजाला घट्टे पडलेत की काय?

बूट मात्र येतील. मी नाही म्हणालो होतो. दीनानं ते पॉलिश केले, आत हात घालून खिळे चाचपले, वर्तमानपत्रात गुंडाळले. म्हणाली, "कुणाच्या तरी पायात असू देत. रिकामं बघवत न्हाईत."

आता जे लिहितो ते दीनाला माहीत नाही. मागच्या आठवड्यात रेल्वे पोलिसांचा माणूस दुकानावर आला. कुर्डुवाडीला रुळाशेजारी एक मुलगा मेलेला सापडला होता. वय, उंची, रंग, सगळं जुळत होतं. सभेला माइक लावायचा आहे असं घरी सांगून मी गेलो. गाडीत मी प्रार्थना करत नव्हतो. शमूच्या दातांची ठेवण आठवत होतो. स्टेशनाच्या मागच्या खोलीत हवालदारानं चादर बाजूला केली. तो शमू नव्हता.

माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला, सांगू? "देवा, तुझे उपकार." मोठ्यानं. हवालदार माझ्याकडे बघत राहिला. वाईट नव्हता माणूस. हळूच म्हणाला, "ह्यालाबी कुणीतरी हुडकत असंल की वो."

आक्का, तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडात येत नाही. दर रविवारी मंडळी उपकारस्तुती गाते. मी माइकची पेटी सांभाळत बसतो, ओठ मिटून. दुसऱ्याचं पोर मेलं म्हणून मी देवाचे आभार मानले. आता माझ्या पोरासाठी कुठल्या तोंडानं मागू?

पाऊस नाही. लग्नं पुढं ढकलली जातायत, काम नाही. लाउडस्पीकरचा जुना हॉर्न खरखरतोय. तो शमूलाच जमायचा.

खरं सांगतो, हे असं फार दिवस चालायचं नाही. दीना खंगत चालली आहे. काल मला विचारलं, "त्यो मेला असंल तर देव मला सांगंल का वो?" 

शांतवन

---

अकलूज,
२ ऑक्टोबर १९७२

चि. शांतवन,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. बूट मिळाले. बरोबर बसले.

दीनाला माझं नाव घेऊन सांग, शमू मेलेला नाही. तो जिवंत आहे, जेवतोखातो आहे आणि एक दिवस घरी येणार आहे. मला हे प्रार्थनेत कळलं. कसं, ते विचारू नका. माझ्यावर विश्वास असेल तर धरून राहा.

आक्का

---

सोलापूर,
६ नोव्हेंबर १९७२

ति. आक्कास,
सलाम.

तुझ्या त्या कार्डानं काय केलं, ते ऐक.

मी दीनाला ते वाचून दाखवलं. तिनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, चोळीत ठेवलं आणि भाकऱ्या बडवायला बसली. त्या दिवशी जेवली. पुढंही रोज जेवत होती. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी झालं.

काल हंगामाचा सण होता. ह्या वर्षी हंगाम कसला? शिवारात धूळ. सण रद्दच करावा असं पंचांचं म्हणणं पडलं, पण पाळकसाहेब म्हणाले, ज्याच्याकडे जे असेल ते आणा. कुणी मूठभर चिंचा आणल्या, कुणी चार अंडी. तुझ्या ओळखीच्या म्हाताऱ्या गोजाबाईनं टँकरच्या रांगेत उभं राहून घागरभर पाणी आणलं आणि वेदीपुढं ठेवलं.  आलेल्या वस्तूंचा लिलाव नेहमीप्रमाणे मीच पुकारणार होतो. एक हॉर्न आत, तो खरखरणारा बाहेर रस्त्याकडे तोंड करून.

लिलावाच्या आधी साक्षी झाल्या, देवानं काय केलं ते एकेकानं उठून सांगितलं. शेवटी दीना उठली. तिच्या पदराखाली शमूचं ताट होतं, त्यात एक भाकरी. मला वाटलं, पोरासाठी प्रार्थना करा म्हणेल. मीच तिच्या तोंडापुढं माइक धरला. ती म्हणाली, "माझा शमू घरी आला. देवानं त्याला आणला. त्याबद्दल ही उपकाराची भाकर."

 सगळी मंडळी आनंदानं "आमेन" म्हणाली. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. तिकडे हॉर्नवरून रस्त्याला ऐकू गेलं. चनबसप्पानं दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फुकट चहा पाजला. मी काय करायचं होतं? सगळ्यांसमोर बायकोला खोटं पाडू? मी लिलाव पुकारला. घागरीचं पाणी पुकारताना माझा आवाज फाटला, लोकांना वाटलं आनंदानं.

संध्याकाळी घर भरलं. असल्या दुष्काळात लोकांनी कुठून कुठून शिरा आणला, उकडलेली अंडी आणली. सगळे विचारायला लागले, कुठाय आमचा शमू? दीना म्हणाली, "वाटंवर हाय." हळूहळू सगळ्यांना कळलं.  एकेकजण आपापलं भांडं उचलून निघाला. एक पंच दारात मला म्हणाले, मंडळीपुढं खोटी साक्ष झाली आहे, सभेत विचार करावा लागेल. गोजाबाई तेवढी बसून राहिली. देवळात पडलेलं ते ताट तीच घेऊन आली होती, त्यात करंज्या घालून. तिनं दीनाबरोबर दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "करंज्या ऱ्हाऊ द्या. मी परत न्हेत न्हाय. पोरगं आल्यावर खाईल की."

सगळे गेल्यावर मी दीनावर ओरडलो. असं का केलंस? ती शांतपणे म्हणाली, "वन्संनी लिवलं न्हवतं का, त्यो येणार म्हणून? त्यास्नी देवानं सांगितलं. मग उपकार कधी मानायचं? हातात पडल्यावर मानलं तर त्यो सौदा झाला."

आक्का, आता विचारतो. तुझ्या त्या एका ओळीवर माझी बायको उभी आहे. ती ओळ खाली बसली तर ती उठणार नाही, हे मला स्पष्ट दिसतंय. तुला खरंच काही कळलं होतं, की तिला धीर यावा म्हणून लिहिलंस? मला एकट्याला सांग. मी सोसेन.

शांतवन

---

अकलूज,
७ नोव्हेंबर १९७२

चि. शांतवन आणि माझी दीना,
दोघांना पोटभर सलाम.

तुमचं पत्र यायच्या आतच मला कळलं! आपली बजाबाई सणाला सोलापूरला गेली होती, ती आज सकाळच्या एस्टीनं परत आली. धावतपळत येऊन सांगते, "नर्सबाई, तुमचा भाचा घरी आला, दीनाबाईनं माइकवर सांगितलं." मी चुलीपुढं बसून रडले. आला, शेवटी आला. मी मागच्याच महिन्यात त्याला खडसावून आले होते, की घरी जा.

आता माझी शपथ सुटली. त्यानं तुम्हाला सगळं सांगितलंच असेल, तरी माझ्या बाजूनं सांगते. साखरपुड्यानंतर तो माझ्याकडे आला. हाताची बाही वर केली. मनगटापाशी रुपयाएवढा फिकट डाग. सळईनं भाजलं तेव्हा त्याला कळलंच नव्हतं, त्यावरूनच त्याला शंका आली. मी टाचणी घेतली. शांतवन, मी तीस वर्षं लोकांना टाचण्या टोचल्या, पण तशी कधी टोचली नाही. तो हाताकडे बघतच नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. टाचणी टोचली गेली की नाही, हे त्याला माझ्या तोंडावरून कळणार होतं.

महारोग म्हटलं की माणसं दारं लावून घेतात. तो म्हणाला, "आत्या, रिबकेचं लग्न मोडेल. दादांचे माइक कुणी भाड्यानं नेणार नाही." माझ्याकडून शपथ घेतली. मिरजेकडे जाणाऱ्या छोट्या गाडीच्या वाटेवर मिशनची वसाहत आहे, तिथं मीच त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हा पसरणारा प्रकार नाही, गोळ्या घे आणि खुशाल घरी राहा. हाच ऐकेना. आणि ते प्रार्थनेत कळलं म्हणून मी लिहिलं, ते प्रार्थनेत नव्हतं. त्याचं पत्र आलं होतं. देवाच्या नावावर मी ते खपवलं, त्याचा जाब मी देईन.

आता नीट ऐका. गोळी एक दिवसही चुकवू देऊ नका. गरम भांड्याला त्याला हात लावू देऊ नका. भाजलं तरी त्याला कळायचं नाही, तुम्ही बघायचं. रोज संध्याकाळी त्याचे पाय उजेडात तपासा. बूट तुम्हीच पाठवलेत, ते घातल्याशिवाय बाहेर सोडू नका. आणि दीना, त्याचं ताट वेगळं ठेवायचं नाही. त्याचं नाव त्यावर आहे ते राहू दे, पण घासताना सगळ्यांच्या ताटांबरोबर घास.

देवाचे किती उपकार मानू?

तुमची,
आक्का

---

अकलूज,
९ नोव्हेंबर १९७२

चि. शांतवन,

तुझं सहा तारखेचं पत्र आत्ता हाती आलं. तो आलेला नाही. देवा.

माझं सातचं पत्र उघडलं नसशील तर उघडू नकोस. उघडलं असशील तर दीनाला वाचून दाखवू नकोस. कार्डावर जास्त लिहीत नाही, पोस्टमनही वाचतो. माझी चूक झाली. मला काय वाटेल ते बोल, पण त्या मुलाला एक शब्दही बोलू नकोस.

आक्का

---

कुर्डुवाडी स्टेशन,
१९ नोव्हेंबर १९७२

ति. मार्थाआक्कास,
शांतवनचा सलाम.

सोलापूरच्या गाडीला वेळ आहे, म्हणून फलाटावर बसून लिहितोय. इतके दिवस लिहिलं नाही, तू जीव मुठीत धरून बसली असशील. ठीक आहे. तूही आम्हाला बसवलं होतंस.

तुझं सातचं पत्र आलं तेव्हा दीना शेजारी होती. तिला वाचता येत नाही, मला मोठ्यानं वाचायची सवय. मी वाचत गेलो आणि त्या रोगाचं नाव आलं. मी थांबलो. ती म्हणाली, "म्होरं वाचा." मी सगळं वाचलं. गोळ्या, पाय, ताट.  मग दीनानं विचारलं, "म्हंजी जित्ता हाय?" मी म्हणालो, हो. तिनं तुझं पत्र आधीच्या कार्डाजवळ ठेवलं. तुझ्यावर एका शब्दानंही रागावली नाही. म्हणाली, देवानं सांगितलं काय नि शमूनं लिवलं काय, खबर तर खरीच होती.

मी मात्र मोडलो, आक्का. लोक म्हणतात शांतवनमामाचे कान तिखट. रस्त्यापलीकडून सांगतो मी कुठल्या हॉर्नचा पडदा सैल झालाय. आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या पोराचं कातडं जळलं, तर मी त्याला झोपलास काय विचारलं. दोन दिवस मी दुकान उघडलं नाही. घरात रिबका होती, तिचं लग्न होतं. मनात असंही आलं, की तो तिथं नीट आहे, तर राहू द्यावा. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो.

रिबकेनंच सोडवलं. म्हणाली, "दादा, नगरला तुम्ही आजच लिहा. लग्नानंतर कळून मला परत पाठवण्यापेक्षा आत्ताच नाही म्हणू देत." मी लिहिलं. उत्तर अजून नाही. कदाचित येणारही नाही.

काल आम्ही वसाहतीत पोचलो. कुंपणाच्या आत एका झाडाखाली तो एका म्हाताऱ्याचा रेडिओ उघडून बसला होता. पायात बूट होते. आम्हाला बघून उठला आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले. तसाच, त्या दिवशीसारखा. म्हणाला, "तुम्ही कशाला आलात?" दीना चालत गेली, त्याचा तो हात ओढून पुढं घेतला आणि डाग आपल्या गालाला लावला. तो हात सोडवायला लागला.

"आई, सोड. तिथं मला काही लागत नाही."

"मला लागतंय की," दीना म्हणाली.

मग तो रडला. मी रेडिओकडे बघत उभा राहिलो. तारा सगळ्या उघड्या पडल्या होत्या.

डॉक्टरांनी तुझंच सांगितलं, घरी न्या. हा तयार होईना. रिबका, दुकान, मंडळी, तीच यादी. मी म्हणालो, बाबा, मंडळीची काळजी तू करू नकोस. तू घरी आलास हे तुझ्या आईनं माइकवर सांगून झालंय. लोक आनंदानं रडून झालेत, चनबसप्पाचा चहा पिऊन झालाय. आता तू आला नाहीस तर तिला पंचांपुढं उभं राहावं लागणार आहे. खोटी साक्ष दिली म्हणून.

तो आईकडे बघत राहिला. मग मला विचारलं, "बाहेर कुठला हॉर्न लावला होता?"

"जुना. खरखरणारा."

"मग रस्त्यावर नीट ऐकूच गेलं नसेल."

"म्हणून तर म्हणतो," मी म्हणालो, "येऊन बघ त्याच्याकडे."

हो म्हणाला नाही. रात्री आम्ही पाहुण्यांच्या खोलीत राहिलो. सकाळी टांगा आला तेव्हा तो फाटकाशी उभा होता, पिशवी खांद्याला, पक्कड खिशात.

आता तो माझ्यासमोर बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय. दीना त्याचे बूट काढून तळवे बघतेय, तू लिहिलंस तसं. त्याच्यामागं, हवालदारानं चादर बाजूला केली होती ती खोली आहे. दाराला कुलूप आहे. मघाशी तोच हवालदार इथून गेला. मला ओळखलं, शमूकडे बघितलं आणि म्हणाला, "घावला का वो?" मी मान डोलवली. त्या दुसऱ्या मुलासाठी कुणी आलं होतं का, ते मी विचारलं. कुणी आलं नव्हतं. इथंच पुरला त्याला.

आक्का, पुढं चांगलंच होईल असं मी समजत नाही. नगरहून नकार येईल. काही लोक माझे माइक नेणं बंद करतील, काही आमच्याकडचं पाणी प्यायचे नाहीत. पंच काय म्हणतील ठाऊक नाही. दीना म्हणते, गोजाबाईच्या करंज्या आता शिळ्या झाल्या असतील, तरी त्याला एक खायला लावणार आहे.

पण गाडी यायच्या आधी मला एक काम उरकायचं आहे. त्या कुलपापाशी जाऊन उभा राहणार आहे. पहिल्यांदा त्या अनोळखी पोरासाठी बोलेन, कारण त्याच्यासाठी कुणीच बोललेलं नाही. मग तो शब्द. इथंच अडकला होता, इथूनच पुन्हा सुरू करतो. दीनानं आमच्या वाटचे उपकार आधीच मानून ठेवलेत. माझे तेवढे राहिलेत.

सिग्नल पडला. पत्र इथंच पेटीत टाकतो.

तुझा,
शांतवन